बुजलेल्या खिडक्या आणि खिडकी-कर

लंडनच्या इस्लिंग्टन, कॅम्बरवेल अशा जुन्या उपनगरांत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या, भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांच्या रांगांची छायाचित्रे फिरतात, तेव्हा सोबत एक ओळ हमखास असते: विटांनी बुजलेली प्रत्येक खिडकी म्हणजे मालकाने वाचवलेला खिडकी-कर.

घराच्या खिडक्यांच्या संख्येवर आकारला जाणारा हा कर खरा होता. इंग्लंडमध्ये तो १६९६ पासून १८५१ पर्यंत चालला आणि त्यापायी लोकांनी खिडक्या बुजवल्याही. समजूत पटते ती त्यामुळेच. मात्र १८२५ पासून आठपेक्षा कमी खिडक्यांच्या घरांना तो माफ होता, म्हणजे तेव्हापासून अशा लहान घरांना करापायी खिडकी बुजवण्याचे कारणच नव्हते.

शिवाय यांतल्या कित्येक खिडक्या कधी उघड्या नव्हत्याच. रांगेच्या टोकाच्या घरात बाजूच्या भिंतीतून बहुधा शेकोटीचे धुराडे वर जाई, तेथे खिडकी काढणे शक्य नसे आणि कोरी भिंत त्या काळच्या प्रमाणबद्धतेच्या आवडीला खटके, म्हणून सुमारे अर्धी वीट खोल कोनाडा ठेवून खिडकीचा नुसता आकार दिला जाई. क्वचित त्यावर काळा रंग देऊन पांढऱ्या रेघांनी तावदानेही रंगवलेली दिसतात, आणि ही लबाडी मला तरी मोहक वाटते.

पडताळायचे असेल, तर आधी छपराकडे पाहावे: खिडकीच्या नेमके वर धुराडे असेल, तर ती बहुधा मुळातलीच आंधळी. मग विटा पाहाव्यात. भरावाच्या विटांचा रंग व चुना भोवतीपेक्षा वेगळा असेल, किंवा आतून जुन्या चौकटीच्या खुणा असतील, तर ती मागाहून बुजवलेली; पण तेवढ्याने कर सिद्ध होत नाही, कारण खोल्यांची फेररचना करतानाही खिडक्या बुजवल्या जात.