प्राचीन संस्कृतींचे अध्यापन (उच्च प्राथमिक स्तर, नागपूर परिसर)

प्राचीन काळाची पहिली सलग ओळख महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना सहावीत होते. पाचवीच्या परिसर अभ्यासात मेसोपोटेमिया, इजिप्त, चीन ही नावे येऊन जातात. बालभारतीच्या २०१६ च्या सहावीच्या पुस्तकात हडप्पा, वैदिक काळ, मौर्य, सातवाहन, वाकाटक असा क्रम आहे. हा सगळा इतिहास दूरच्या नद्यांकाठी घडला, असा मुलांचा समज होतो. नागपूरच्या शाळांना तो सहज दूर करता येतो, कारण लोहयुगापासून वाकाटक काळापर्यंतचे अवशेष शहराच्या आसपासच आहेत.

त्यांत सर्वांत जुनी आहेत शिळावर्तुळे. काटोल मार्गावरील जुनापाणी येथे मोठ्या दगडांची सुमारे ३०० वर्तुळे आहेत. ब्रिटिश अधिकारी जे. एच. रिव्हेट-कार्नॅक यांनी १८७९ मध्ये त्यांची माहिती प्रसिद्ध केली. पुढे १९६१-६२ मध्ये पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी तेथे उत्खनन केले. ही दफनाची ठिकाणे आहेत. आत मृतांसोबत ठेवलेली मडकी व लोखंडी अवजारे सापडतात, काही दगडांवर वाटीसारखे खळगे कोरलेले दिसतात. जवळच्या माहुरझरीत घोड्यांचे दफन आणि अकीक-कार्नेलियन या रंगीत दगडांचे मणी मिळाले; पारशिवनी तालुक्यातील नैकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी सापडली.

हडप्पाचा पाठ या वर्तुळांशेजारी ठेवून शिकवला, तर तो अधिक उलगडतो. तिकडे आखीव नगरे, ४:२:१ प्रमाणातील विटा, ठरावीक वजने, मुद्रा आणि अद्याप न वाचलेली लिपी. इकडे मुख्यतः दफने, लेखन नाही, नगर नाही. मग विदर्भातले लोक मागासलेले होते का? वर्गात हा प्रश्न मुले स्वतःच विचारतात आणि त्याला पुरेसा वेळ द्यायला हवा. हडप्पाच्या लोकांना लोखंड गाळता येत नव्हते, नैकुंडच्या लोकांना येत होते. पण हडप्पाची नगरे ओस पडल्यानंतर हजारावर वर्षांनी. एका शिडीच्या पायऱ्यांवर दोघांना बसवता येत नाही, हे मुलांना या तुलनेतून स्वतः कळते. पुठ्ठ्याचा पिरॅमिड करून आणायला सांगण्यापेक्षा (तो बहुधा पालकच करतात) हा एक तास कितीतरी मोलाचा ठरतो.

जुनापाणीला मुलांनी दोरीने व्यास मोजावा, आकृती काढावी, खळगे कोणत्या दगडांवर आहेत ते नोंदवावे. उकरणे किंवा खापरे उचलून आणणे पूर्ण वर्ज्य. हलवलेल्या वस्तूचा पुरावा तिथेच संपतो, हाही पाठाचाच भाग आहे. सहलीला दिवाळीनंतरचे महिने योग्य. उन्हाळ्यात त्या माळावर मुलांना नेऊ नये.

सर्वांत जास्त गोंधळ इसवी सनपूर्व वर्षांचा होतो. २६०० हा आकडा १९०० च्या आधीचा, हे मुलांना पटत नाही. सहावीच्या गणितातील पूर्णांकांची संख्यारेषा येथे उपयोगी पडते, मात्र एक फरक सांगावा लागतो : इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येते, शून्य वर्ष नाही. म्हणून इ.स.पू. ५० ते इ.स. ५० हे अंतर १०० नव्हे, ९९ वर्षांचे.

वाकाटकांसाठी रामटेक, नगरधन आणि मनसर पुरेसे आहेत. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी आणि वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता पतीच्या निधनानंतर इथूनच राज्यकारभार पाहत होती; तिच्या ताम्रपटांमुळे तो काळ कळतो. अशा ताम्रपटांवरील अक्षरांना चौकोनी पेटीसारखी डोकी असतात. त्यांचे ठसे पाहून आपल्या नावाचे अक्षर शोधायला मुलांना फार आवडते. मौर्य-सातवाहन काळासाठी भंडारा जिल्ह्यातील पवनीचे स्तूप आहेत. लांब जाता येत नसेल, तर शहरातच १८६३ मध्ये स्थापन झालेले मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे नागपूरकरांचा अजब बंगला, आहे. तेथे एका भेटीत एकच दालन पाहावे.