वसंतातील पतंग : प्रकाश सापळा आणि ओळख

ब्रिटनमध्ये मार्च-एप्रिलच्या रात्री बागेतील प्रकाश सापळ्यात (दिव्याने ओढून पतंग पकडणाऱ्या पेटीत) सापडणाऱ्या पतंगांत नॉक्ट्युइडी कुलातील ऑर्थोसिया (जुन्या ग्रंथांत टीनिओकॅम्पा) या प्रजातीच्या (जवळच्या जातींच्या गटाच्या, म्हणजे जीनसच्या) जातींचे प्राबल्य असते. त्यांचे पतंग थंडीत कोशातच तयार होऊन थांबलेले असतात. विलोच्या तुऱ्यांना बहर येताच बाहेर पडतात.

पद्धतशीर सापळानोंदी साधारणतः कीटकशास्त्रज्ञ सी. बी. विल्यम्स यांच्या रोथॅमस्टेड या इंग्लंडमधील कृषी संशोधन केंद्रातील 1933 च्या कामापासून धरल्या जातात. दिव्याने पतंग पकडण्याची रीत मात्र त्याहून बरीच जुनी आहे. बागेतील प्रचलित सापळ्यांपैकी रॉबिन्सन सापळ्याचे वर्णन 1950 मध्ये प्रसिद्ध झाले. आत अंड्यांचे कागदी ट्रे ठेवतात. सकाळी पतंग त्यांच्या खळग्यांत निपचित बसलेले मिळतात व नोंद करून सोडले जातात.

पतंग दिव्याकडे का येतात, याविषयी मतभेद आहेत. चंद्राच्या आधारे दिशा राखणारा पतंग दिव्याला चंद्र समजतो, हे मत दीर्घकाळ रूढ होते. 1970 च्या दशकात, दिव्याभोवती अधिक गडद भासणाऱ्या पट्ट्याकडे तो वळतो, असेही सुचवले गेले. 2024 मध्ये फॅबियन, सोंधी व सहकाऱ्यांनी अतिवेगवान चित्रीकरणावरून दाखवले, की उडते कीटक पाठ प्रकाशाकडे ठेवतात. रात्री आकाश वर उजळ असते तेव्हा ही सवय तोल सांभाळते. दिव्यापाशी तीच त्यांना घिरट्यांत अडकवते. निरीक्षणांशी हे स्पष्टीकरण अधिक जुळते. आपल्याकडे कण्हेरीवर आढळणारा डॅफ्निस नेराय मात्र त्या प्रयोगांत दिव्यावरून सरळ उडून गेला, हेही ध्यानात घ्यावे. सापळ्यातील संख्या ऊब, वारा व चांदणे यांनुसार बदलते. म्हणून तिला बागेतील पतंगांची गणना मानू नये.

ओळखताना रंगावर विसंबू नये. क्लाउडेड ड्रॅब (ऑर्थोसिया, पुढे ऑ., इन्सर्टा) फिकट करड्यापासून जवळजवळ काळ्यापर्यंत कोणत्याही छटेत येतो. हिब्रू कॅरेक्टरच्या (ऑ. गॉथिका) पुढच्या पंखावर वाटोळ्या ठिपक्याला कवेत घेणारी काळी खूण असते, काही उत्तरेकडील नमुन्यांत ती पुसट असते. कॉमन क्वेकरचे (ऑ. सेरासी, पूर्वीचे नाव ऑ. स्टॅबिलिस) पुढच्या पंखावरील गोल व मूत्रपिंडाकृती हे दोन्ही ठिपके मोठे आणि फिकट कडेचे असतात. स्मॉल क्वेकर (ऑ. क्रूडा) लहान, गोल ठिपका अस्पष्ट. दुर्मीळ लेड-कलर्ड ड्रॅब (ऑ. पॉप्युलेटी) क्लाउडेड ड्रॅबशी हमखास गल्लत करवतो. त्याच्या पंखाचे टोक अधिक गोलसर व नराच्या शृंगिका (डोक्यावरील स्पर्शिका) अधिक पिसासारख्या असतात. त्याच्या अळ्या ॲस्पेन या पॉप्लर जातीच्या झाडावर वाढतात, त्यामुळे जवळपास ते झाड आहे का, हे पाहणे उपयोगी पडते.

झिजलेल्या पंखांचे पग पतंग (युपिथेसिया) आणि ॲगोनोप्टेरिक्स या लहान पतंगांच्या प्रजातीतील काही जाती जननेंद्रियांच्या विच्छेदनाविना निश्चित करता येत नाहीत. अशा वेळी नोंद प्रजातीपुरतीच ठेवावी.