पार्श्वभूमी: रिफायनरीतला ‘ऑप्टिमम’ ठरतो कुठे?

मुंबईच्या रिफायनऱ्यांत लागलेली सांगलीच्या वाळवा-पलूसकडची पोरं दिवाळीला गावी आली की एक शब्द हमखास कानावर पडतो: ऑप्टिमायझेशन. पाठ्यपुस्तकात त्याला इष्टतमीकरण म्हणतात, बोलताना कुणीच म्हणत नाही. ऐकणारे त्याचा अर्थ ‘ऑटोमॅटिक’ असा घेतात आणि घोळ तिथेच होतो.

गुऱ्हाळात जाळव्या चिपाड घालून जाळ एकसारखा ठेवतो, ते झालं कंट्रोल. काहील कधी उतरवायची हे गुळव्या ठरवतो, कोणत्या प्रतीचा गूळ हवा ते बघून. ऑप्टिमायझेशन या दुसऱ्या कामाच्या जवळचं. रिफायनरीत पहिलं काम आधी हवेच्या दाबावरची उपकरणं करत. 1959 मध्ये टेक्सासच्या पोर्ट आर्थरला त्यात संगणक आला. दुसऱ्या कामाला जोर आला तो 1970 च्या दशकानंतर, अनेक लूप (मोजायचं आणि त्यानुसार झडप फिरवायची, अशी साखळी) एकत्र धरून पुढचा अंदाज बांधणाऱ्या प्रणालींमुळे.

पैसा कुठे वाचतो? बीएस-6 या प्रदूषणाच्या निकषानुसार डिझेलमध्ये गंधक 10 पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत दहा भागांच्या आत हवं. ते काढायला हायड्रोजन लागतो. युनिट हेलकावे खात असेल तर ऑपरेटर धास्तीने सहा-सातवर चालवणार, म्हणजे तेवढा हायड्रोजन फुकट. हेलकावे आवरले की मर्यादेला खेटून चालता येतं.

पण मर्यादा कंट्रोल रूममध्ये ठरत नाही. इथेनॉलचंच बघा. त्याचा ऑक्टेन, म्हणजे इंजिनात ठोके न देता जळण्याचा आकडा, पेट्रोलपेक्षा जास्त. डेपोत ते 20 टक्के मिसळणार असेल तर मूळ पेट्रोल कमी ऑक्टेनचं काढून भागतं. 20 टक्क्यांचं उद्दिष्ट 2030 वरून 2025-26 वर आलं, त्या भरवशावर इकडच्या साखर कारखान्यांनी कर्ज काढून डिस्टिलऱ्या वाढवल्या. आणि 7 डिसेंबर 2023 ला, गाळप सुरू असताना, उसाचा रस आणि सिरप इथेनॉलसाठी वापरायला बंदी आली. आठवड्याभरात 17 लाख टन साखरेपुरती सूट मिळाली. बंधन उठलं ते ऑगस्ट 2024 मध्ये, पुढच्या हंगामासाठी. पाऊस कमी झाला होता, साखर महागण्याची भीती खोटी नव्हती. पण असा निर्णय गाळपाआधी घेता येतो, एवढं तरी म्हणावंच लागेल.

तूट बरीचशी मक्याच्या इथेनॉलने भरली. मिश्रणाच्या गणिताला ऊस काय, मका काय, सारखंच. इकडे डिस्टिलरीच्या कर्जाचे हप्ते मात्र ठरल्या तारखेलाच होते.