प्रोग्रॅमिंग भाषांचे प्रवाह आणि डेटाबेसचा वापरकर्तावर्ग

एखादी प्रोग्रॅमिंग भाषा लोकप्रिय झाली की तिच्याबरोबर सहज चालणाऱ्या डेटाबेसचे वापरकर्ते वाढतात; मात्र भाषेची लाट ओसरल्यावर ते त्याच वेगाने घटत नाहीत. नवशिका प्रोग्रॅमर आधी भाषा निवडतो आणि तिच्या पहिल्या धड्यांत जो डेटाबेस भेटेल तोच पुढे वापरत राहतो.

याचे सर्वांत ठळक उदाहरण पीएचपी ही वेबसाठीची भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस यांचे आहे. दोन्हींचा उगम १९९५ सालचा. पीएचपीत 'मायएसक्यूएल_कनेक्ट' या फंक्शनला सर्व्हर, वापरकर्ता आणि पासवर्ड एवढे दिले की जोडणी होत असे, आणि स्वस्त होस्टिंगवर, म्हणजे संकेतस्थळासाठी भाड्याने मिळणाऱ्या जागेवर, ही जोडी आयतीच मिळे. २००३ मध्ये आलेल्या वर्डप्रेस या संकेतस्थळे बनवण्याच्या प्रणालीने तिचा प्रसार आणखी वाढवला. या लाटेबरोबर डेटाबेसच्या मूळ मांडणीतले दोषही वापरकर्त्यांच्या वाट्याला आले. स्वीडनमध्ये घडलेल्या मायएसक्यूएलचा मूळ वर्णसंच (आपोआप लागू होणारी अक्षरांची यादी) पश्चिम युरोपीय भाषांसाठीचा लॅटिन-१ होता आणि अक्षरांची क्रमवारी स्वीडिश होती, त्यामुळे ती मांडणी न बदलता साठवलेल्या देवनागरी मजकुराच्या जागी अनेकदा नुसती प्रश्नचिन्हे उमटत. जगातल्या सर्व लिप्या सामावणारा चार बाइटांचा यूटीएफ-८ हा मूळ वर्णसंच होण्यास २०१८ ची ८.० आवृत्ती यावी लागली.

डेटाबेसला भाषेची किती गरज असते, हे २००४ मध्ये दिसले. मायएसक्यूएलच्या क्लायंट लायब्ररीला, म्हणजे इतर प्रोग्रॅमना त्याच्याशी जोडणाऱ्या भागाला, जीपीएल हा मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना लागू झाला होता. तो पीएचपीच्या परवान्याशी जुळत नव्हता. पीएचपी ५ मध्ये ही लायब्ररी सोबत देणे बंद झाले आणि एसक्यूलाइट या सर्व्हरशिवाय चालणाऱ्या छोट्या डेटाबेसचा समावेश झाला. मायएसक्यूएलच्या कंपनीने त्याच वर्षी मुक्त सॉफ्टवेअरसाठी परवान्यात सवलत दिली, आणि ती देणे तिच्या हिताचेच होते.

पायथनने २००६ साली २.५ आवृत्तीत एसक्यूलाइटला स्थान दिले, तेव्हापासून पायथन शिकणाऱ्याला वेगळा सर्व्हर न बसवता डेटाबेस हाताळता येतो. सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारी नोड.जेएस ही प्रणाली आणि मोंगोडीबी हा डेटाबेस ही दोन्ही २००९ ची. जावास्क्रिप्ट लिहिणाऱ्यांना मोंगोडीबीतले जेसनसारखे (जावास्क्रिप्टच्या धर्तीवर माहिती लिहिण्याच्या पद्धतीसारखे) दस्तऐवज ओळखीचे वाटले. पोस्टग्रेसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसने २०१२ मध्ये जेसन आणि २०१४ मध्ये जेसनबी (त्याचेच बायनरी रूप) हे माहितीचे प्रकार आणून हा वर्ग आपल्याकडे वळवण्याची सोय केली.

डेटाबेसचा वापरकर्तावर्ग टिकतो तो साठलेल्या माहितीमुळे. २०१५ च्या पीएचपी ७ ने 'मायएसक्यूएल_कनेक्ट' व त्याच्या जोडीची जुनी फंक्शने काढून टाकली, तेव्हा असंख्य प्रोग्रॅम नव्याने लिहावे लागले. त्यांतील बहुतेकांची टेबले मात्र मायएसक्यूएलमध्येच राहिली.