गाडीचा स्टिकर काढण्याआधी पासाचा अर्ज करा : कॉलेजला ये-जा करण्याच्या सवलती, पात्रता आणि कागदपत्रं

प्रवेश सुरू झाले की कॉलेजच्या ऑफिसात आवारात गाडी लावण्याच्या स्टिकरसाठी एक रांग लागते आणि बोनाफाईडसाठी, म्हणजे आपण तिथले विद्यार्थी असल्याच्या दाखल्यासाठी, दुसरी. पहिल्या रांगेतल्या बऱ्याच मुलांना दुसऱ्या रांगेचं काम ठाऊकच नसतं. एसटीचा पास, लोकलचं सीझन तिकीट, मेट्रोचं विद्यार्थी कार्ड हे सगळं त्या दुसऱ्या खिडकीतून निघणाऱ्या कागदावर मिळतं. तो कागद वेळेत मिळाला नाही की मुलं पहिले पंधरा दिवस पूर्ण तिकीट काढतात, मग घरी स्कूटरचा विषय निघतो, आणि दिवाळीपर्यंत आवारात आणखी एक गाडी वाढलेली असते. म्हणून आवारातल्या पार्किंगचा प्रश्न फाटकावर सुटण्याआधी ऑफिसच्या खिडकीवर सुटतो, असं माझं ठाम मत आहे. पुढची माहिती त्याच क्रमाने दिली आहे : आधी सवलती, मग गाडी.

बोनाफाईड कसं मागायचं

नुसतं 'बोनाफाईड द्या' म्हणू नका, कशासाठी हवं ते अर्जात लिहा. त्यात तुमचं पूर्ण नाव आधार कार्डावर आहे तसंच हवं, जन्मतारीख हवी, वर्ग आणि शैक्षणिक वर्ष हवं, तुम्ही नियमित विद्यार्थी आहात हा उल्लेख हवा, आणि सध्या राहता तो पत्ता हवा. खिडकीवर सर्वात जास्त अडतं ते पत्त्यावर. आधारवर गावचा पत्ता असतो, मुलगा मात्र मावशीकडे राहून शिकत असतो. अशा वेळी राहत्या जागेचा पुरावा (भाडेकरार, नाहीतर नातेवाइकांचं वीजबिल आणि त्यांचं पत्र) ऑफिसला दाखवून बोनाफाईडवर तोच पत्ता घालून घ्यावा. नावात आईचं नाव, आडनावाचं वेगळं स्पेलिंग असला फरक असेल तर तोही इथेच दुरुस्त करून घ्या. प्रत्येक कामाला वेगळी मूळ प्रत लागते, तेव्हा सुरुवातीलाच तीन-चार प्रती मागून ठेवा.

एसटीचा विद्यार्थी पास

एसटी महामंडळ विद्यार्थ्यांना मासिक पासावर ६६.६७ टक्के सवलत देतं. म्हणजे भाड्याचा एक तृतीयांश भाग तुम्ही भरायचा. घरापासून कॉलेजपर्यंतचं एका बाजूचं साधं भाडं ३० रुपये धरू. रोजचे ६० झाले, महिन्याचे १,८०० झाले, त्यातले ६०० भरायचे. थोडक्यात दहा दिवसांच्या पैशांत महिना निघतो.

पाचवी ते बारावीच्या ग्रामीण भागातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास पूर्ण मोफत आहे. त्यांनी ६६.६७ टक्क्यांच्या पासाचे पैसे भरायचे नाहीत. अकरावी-बारावी सिनिअर कॉलेजच्याच आवारात भरत असेल तर 'कॉलेजच्या मुलींना नाही' असं कुणीतरी सांगतं आणि मुली परत फिरतात. इमारत कुठली आहे हे इथे बघायचं नसतं, इयत्ता बघायची असते. बोनाफाईडवर इयत्ता ठळक लिहून घ्या.

कागदपत्रं फार नाहीत : आगारातला छापील अर्ज, त्यावर मुख्याध्यापक किंवा प्राचार्यांची सही-शिक्का, बोनाफाईड, आधारची प्रत आणि पासपोर्ट आकाराचे फोटो. अर्जात 'कोठून-कोठे' या रकान्यात थांब्याचं नाव एसटीच्या दरपत्रकात आहे तसं लिहावं लागतं. वस्तीला लोक ज्या नावाने ओळखतात ते नाव आणि कंडक्टरच्या मशीनमधलं नाव वेगळं असू शकतं. कधी बसलात तर जुन्या तिकिटावर छापलेलं नाव बघून ठेवा, तेच अर्जात उतरवा. मार्ग दोन असतील, एक बायपासने आणि एक गावातून, तर कुठल्या मार्गाची बस तुमच्या वेळेला असते ते आधी ठरवा, कारण पास त्या मार्गाचाच असतो.

महामंडळाने 'एसटी पास थेट तुमच्या शाळेत' ही मोहीम सुरू केली आहे. संस्थेने विद्यार्थ्यांची यादी आगाराला दिली की एसटीचे कर्मचारी पास तिथे आणून देतात, प्रत्येकाने आगारात रांग लावायची गरज उरत नाही. आपल्या कॉलेजने यादी दिली आहे का, हे वर्गप्रतिनिधीने पहिल्या आठवड्यातच विचारावं. दिली नसेल तर प्राचार्यांच्या सहीचं एक पत्र आणि यादी, एवढंच काम आहे.

आता बारावीच्या पुढच्या मुलींचा प्रश्न. महिलांना १७ मार्च २०२३ पासून एसटीच्या तिकिटात थेट ५० टक्के सवलत आहे, तिला कसलाच अर्ज लागत नाही. मग पास काढायचा की अर्धं तिकीट? हिशेब सोपा आहे. पासाला दहा दिवसांचं पूर्ण भाडं लागतं, म्हणजेच वीस दिवसांचं अर्धं भाडं. महिन्यात वीसपेक्षा जास्त दिवस जात असाल तर पास स्वस्त, कमी जात असाल तर अर्धं तिकीट स्वस्त. अंतर कितीही असलं तरी हा वीसचा आकडा बदलत नाही. बी.ए., बी.कॉम.ला सोमवार ते शनिवार वर्ग असतात, तिथे पासच घ्यावा. एम.ए.ला आठवड्यातून चारच दिवस जायचं असेल तर पासाच्या मागे लागू नका. परीक्षेच्या आणि सुट्टीच्या महिन्यातही हाच विचार करा.

लोकलचं सीझन तिकीट

रेल्वेत विद्यार्थ्यांना मासिक आणि त्रैमासिक सीझन तिकीट निम्म्या दरात मिळतं. वयाची अट खुल्या वर्गासाठी २५ वर्षं, अनुसूचित जाती-जमातींसाठी २७ आणि संशोधक विद्यार्थ्यांसाठी ३५ आहे. याहून मोठी सवलत अनेक घरांना माहीत नसते : घर ते शिक्षणसंस्था या प्रवासासाठी मुलींना पदवीपर्यंत आणि मुलांना बारावीपर्यंत दुसऱ्या वर्गाचं मासिक सीझन तिकीट मोफत आहे. पहिल्या वर्गाला ती लागू नाही.

इथे बोनाफाईड चालत नाही, कॉलेजकडचा रेल्वेचा छापील कन्सेशन फॉर्म लागतो. ऑफिस तो भरून, सही-शिक्का मारून देतं. तो घेऊन ओळखपत्र आणि आधीचं सीझन तिकीट असेल तर तेही सोबत ठेवून बुकिंग खिडकीवर जायचं. फॉर्मवर खाडाखोड चालत नाही. शाईने गिरवलेली तारीख दिसली की क्लार्क फॉर्म परत करतो, आणि ते बरोबरच आहे. फॉर्मची मुदतही अगदी थोडी असते, म्हणून शुक्रवारी दुपारी फॉर्म घेऊन सोमवारवर टाकू नका.

स्टेशनं कुठली लिहायची यावर थोडं थांबून विचार करा. एका बाजूला राहत्या पत्त्याजवळचं स्टेशन, दुसऱ्या बाजूला कॉलेजजवळचं. मुंबई विद्यापीठाचं कलिना इथलं विद्यानगरी संकुल घ्या. कल्याण-डोंबिवलीहून किंवा पनवेलहून येणाऱ्याला कुर्ला सोयीचं, विरार-वसईहून येणाऱ्याला सांताक्रूझ. दोन्हीकडून बस आणि रिक्षा आहेत. पण ज्याचे काही तास फोर्टच्या जुन्या संकुलात आणि काही कलिन्यात असतात, त्याने वेळापत्रक हातात आल्याशिवाय फॉर्म भरू नये. एकदा फॉर्म देऊन झाला की ती मुदत संपेपर्यंत ऑफिस दुसरा देत नाही.

पुण्याकडे लोणावळा-पुणे लोकलचा उपयोग मुलं हवा तेवढा करत नाहीत. कामशेत, तळेगाव, देहूरोडहून येणाऱ्याला सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठासाठी शिवाजीनगर किंवा खडकीला उतरता येतं. गाड्या मोजक्याच आहेत, हे खरं. तरी सकाळची वेळ जुळत असेल तर जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर दुचाकी दामटण्यापेक्षा हा प्रवास कितीतरी सुरक्षित आहे.

पीएमपी आणि मेट्रो

पीएमपीने, म्हणजे पुण्याच्या शहर बससेवेने, १ जून २०२५ पासून भाडी वाढवली, सर्वसाधारण मासिक पास ९०० वरून १,५०० रुपयांवर गेला. विद्यार्थ्यांचा मासिक पास मात्र ७५० रुपयांचाच राहिला. त्यासाठी पास केंद्रावर बोनाफाईड किंवा चालू वर्षाचं ओळखपत्र, आधार आणि फोटो न्या. मेट्रोचं 'एक पुणे विद्यार्थी पास' हे कार्ड ऑक्टोबर २०२३ मध्ये आलं, त्यावर भाड्यात ३० टक्के सवलत मिळते.

गाडीच घ्यायची असेल तर

काहींना खरंच पर्याय नसतो. गावाला सकाळची बस नाही, संध्याकाळी प्रयोगशाळा उशिरापर्यंत चालते, पहाटे दूध घालून मग कॉलेज गाठायचं असतं. त्यांच्यासाठी स्टिकरचा अर्ज आहेच. बहुतेक संस्था आरसी (गाडीचं नोंदणीपत्र), लायसन्स, विमा, पीयूसी (प्रदूषण तपासणीचं प्रमाणपत्र) आणि चालू वर्षाचं ओळखपत्र यांच्या प्रती मागतात. गाडी वडिलांच्या नावावर असेल तर त्यांचं संमतीपत्र जोडावं. १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदलेली गाडी असेल तर उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी बसवून घ्या. पीयूसी बीएस-४ या प्रदूषण मानकाच्या आणि त्यापुढच्या गाड्यांना वर्षभर चालते, जुन्यांना सहा महिने. नवीन गाडीला पहिलं वर्ष ती लागत नाही, अशा वेळी आरसीवरची नोंदणी तारीख दाखवा.

लायसन्सच्या बाबतीत मी अजिबात सूट देऊ नये असंच म्हणेन. सोळा वर्षं पूर्ण झाल्यावर मिळणारं लायसन्स ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं असतं, आणि रस्त्यावर दिसणाऱ्या नेहमीच्या स्कूटर १०० सीसीच्या पुढच्या आहेत. त्यामुळे अकरावीतल्या मुलाकडे 'लायसन्स आहे' असं घरचे म्हणत असले तरी ते त्या स्कूटरला चालत नाही. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९-अ प्रमाणे पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. पंचविशीपर्यंत, हे पालकांनी नीट वाचावं. नोकरीच्या पहिल्या वर्षांत त्याचा केवढा खोडा होईल याचा विचार करावा.

अठरा पूर्ण झाले असतील तर परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर आधारच्या आधारे घरबसल्या परीक्षा देऊन शिकाऊ लायसन्स काढता येतं. त्याची मुदत सहा महिने असते आणि ३० दिवसांनंतर पक्क्या लायसन्सची चाचणी देता येते. शिकाऊ लायसन्सवर शिकवणाऱ्याशिवाय कुणालाही मागे बसवायचं नसतं. मैत्रिणीला सोडायला जाणं त्यात येत नाही. प्रवेश ऑगस्टमध्ये होणार असेल तर ही प्रक्रिया जूनमध्येच सुरू करा.

ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या आणि २५० वॉटपेक्षा कमी ताकदीच्या विजेच्या दुचाकीला नोंदणी आणि लायसन्स लागत नाही. फाटकावर मात्र सुरक्षारक्षक नंबरप्लेट शोधतो. खरेदीची पावती आणि कंपनीचा तपशील असलेला कागद अर्जाला जोडा, म्हणजे रोजचा वाद टळेल.

आवाराच्या आत

फाटकापर्यंत बसने आलं तरी पुढे काय, हा प्रश्न खरा आहे. पुणे विद्यापीठाचा परिसर ४११ एकरांचा आहे. मुख्य फाटकापासून आतल्या विभागापर्यंत भर उन्हात चालायचं म्हटलं की मुलं गाडीच आणणार. आयआयटी मुंबईने पवईच्या आवारात वसतिगृहातल्या मुलांना मोटारगाड्या ठेवायला बंदी घातली, पण सोबत 'टमटम' ही आतली बससेवा दिली. म्हणून तिथे सायकल आणि टमटम यांवर सगळ्यांचं भागतं. बंदी आणि सोय या क्रमाने नव्हे, दोन्ही एकत्रच आणाव्या लागतात. २०१७ च्या डिसेंबरात पुणे विद्यापीठात भाड्याच्या सायकली आल्या होत्या, मुलांनी त्या उत्साहाने वापरल्या. पुढे ती सेवा टिकली नाही. संस्थेच्या स्वतःच्या सायकली आणि दुरुस्तीला एक माणूस, हा मार्ग मला जास्त भरवशाचा वाटतो.

स्वतःची सायकल आणणाऱ्यानेही नोंद करावी. फ्रेमखाली कोरलेला नंबर लिहून अर्ज दिला की सायकल हरवल्यावर तक्रारीला आधार मिळतो.

दिव्यांग विद्यार्थ्यांनी स्टिकरच्या अर्जासोबत यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांच्या ओळखपत्राची) प्रत जोडून विभागाच्या दारापर्यंत गाडी नेण्याची आणि जवळच्या जागेची लेखी मागणी करावी. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असेल तर एसटीत ७५ टक्के सवलत आहे. ती विद्यार्थी पासापेक्षा जास्त आहे आणि तिला वीस दिवसांचा हिशेबही करावा लागत नाही.

प्राचार्यांना अर्ज

विद्यार्थी परिषदेने एकच अर्ज करावा आणि त्यात तीन मागण्या कराव्यात : प्रवेशाच्या दिवशीच फीच्या पावतीबरोबर बोनाफाईड, एसटी आगाराला यादी, आणि रेल्वेच्या फॉर्मसाठी रोज ठरलेली वेळ. कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या नॅक या संस्थेच्या मूल्यांकनात आजवर वापरलेल्या निकष ७.१ मध्ये आवारात वाहनांना मर्यादित प्रवेश, सायकली व बॅटरीवरची वाहनं आणि पादचाऱ्यांसाठी चांगल्या वाटा या बाबी नावानिशी होत्या. त्यासाठी संस्थांनी पत्रकं काढली, फाटकांचे फोटो जोडले. अर्जात त्या पत्रकाचा जावक क्रमांक घाला, म्हणजे संस्थेने आधीच मान्य केलेल्या गोष्टीची अंमलबजावणी तुम्ही मागत आहात हे कागदावर राहील. अर्जाची पोच तारखेसह घ्या आणि पंधरा दिवसांनी त्याच क्रमांकाने विचारणा करा.