मिंधेपणाचा हिशेब

मदत मागितली की आधी घरी चौकशीला माणूस यायचा. भाडं थकलंय का, नवरा पितो का, मालकाचं मत काय, हातभार लावू शकेल असा नातेवाईक आहे का, हे सगळं फायलीत उतरायचं. मग समिती बसायची आणि अर्जदार मदतीला लायक की नालायक ते ठरवायची. १८६९ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटीची ही रीत. सी.ओ.एस. या आद्याक्षरांचा टीकाकारांनी 'क्रिंज ऑर स्टार्व्ह' असा अर्थ लावला होता: लाचार व्हा, नाहीतर उपाशी मरा. तिच्या कार्यकर्त्यांचा हेतू वाईट होता असं नाही. फुकट मदतीने माणूस आळशी होतो, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. सरकारने म्हाताऱ्यांना पेन्शन द्यावी या मागणीलाही संस्थेचा विरोध त्यातूनच आला. पेन्शनचा कायदा १९०८ मध्ये झालाच, आणि सत्तरी गाठलेल्यांना आठवड्याला पाच शिलिंग मिळू लागले.

ही लायकीची भाषा तिच्याआधीची. इंग्लंडच्या १८३४ च्या गरीब कायद्याचं सूत्रच असं, की मदतीवर जगणाऱ्याची अवस्था सर्वांत हलक्या मजुराहून वाईट असली पाहिजे. मार्क्स-एंगल्स यांनी १८४८ च्या कम्युनिस्ट जाहीरनाम्यात दानशूरांना भांडवली व्यवस्था टिकवण्यासाठी तिला ठिगळं लावणाऱ्यांत बसवलं. पण तो राजकीय फटकारा होता. देण्याघेण्याच्या नात्याची नीट चिरफाड व्हायला अजून साठ वर्षं होती.

ती केली जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल यांनी, १९०८ मध्ये. त्यांचं निरीक्षण आजही बोचतं. समाज गरिबाला मदत करतो ती गरिबासाठी नव्हे, समाजाची घडी विसकटू नये म्हणून. म्हणूनच सरकारवर मदतीचं कर्तव्य असतं, पण त्या कर्तव्याच्या दुसऱ्या टोकाला गरिबाचा हक्क असेलच असं नाही. त्याहून पुढे जाऊन ते म्हणतात, नुसती हलाखी माणसाला समाजाच्या लेखी 'गरीब' ठरवत नाही. तो शिक्का बसतो मदत घेतल्यावर, किंवा तो मदतीला पात्र मानला गेल्यावर. लाभार्थ्यांची यादी लावणाऱ्या कुठल्याही कचेरीत हे वाक्य टांगायला हरकत नाही.

फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांनी १९२५ मध्ये देणग्यांचा अभ्यास मांडला. दिलं की घ्यावं लागतं, घेतलं की परत द्यावं लागतं. परतफेड करता आली नाही की घेणारा खालच्या पायरीवर उतरतो. मराठीत याला 'मिंधा होणं' असा अगदी चपखल शब्द आहे. धर्मादायात परतफेडीची वाटच बंद असते, म्हणून मिंधेपणा कायमचा राहतो.

दरम्यान देणाराही मोठा झाला होता. अमेरिकी तेलसम्राट रॉकफेलर यांचं दानासाठीचं प्रतिष्ठान १९१३ मध्ये उभं राहिलं. पुढच्याच एप्रिलमध्ये कोलोरॅडोतल्या लडलो इथे, रॉकफेलर यांचं नियंत्रण असलेल्या खाण कंपनीच्या संपकऱ्यांच्या तंबूंवर हल्ला झाला. एका तंबूखालच्या खड्ड्यात लपलेल्या दोन बायका आणि अकरा मुलं दगावली. त्यानंतर याच प्रतिष्ठानाने औद्योगिक संबंधांचा अभ्यास हाती घेतला. अमेरिकी काँग्रेसने स्थापलेल्या औद्योगिक संबंध आयोगाचे अध्यक्ष फ्रँक वॉल्श यांना हे पचलं नाही. त्यांनी धाकट्या रॉकफेलरना, म्हणजे तेलसम्राटाच्या मुलाला, साक्षीला बोलावलं. इतके दिवस चौकशी फक्त मागणाऱ्याची व्हायची. इथे देणाऱ्याची झाली.

१९७१ मध्ये फ्रान्सिस फॉक्स पिव्हन आणि रिचर्ड क्लोवर्ड या अमेरिकी अभ्यासकांनी सरकारी मदतीबद्दल असाच रोखठोक मुद्दा मांडला: असंतोष उसळला की मदत वाढते, शांतता झाली की आखडते, आणि माणसं पुन्हा मिळेल त्या मजुरीवर ढकलली जातात. पुढे ऐंशीच्या दशकात ब्रिटन-अमेरिकेत सरकारी सेवा कंत्राटाने स्वयंसेवी संस्थांकडे जाऊ लागल्या. अमेरिकी भूगोलतज्ज्ञ जेनिफर वोल्च यांनी १९९० मध्ये याला 'छाया-राज्य' म्हटलं. नाव स्वयंसेवी, काम सरकारचं, आणि पैसा ज्याचा त्याच्याविरुद्ध बोलताना जीभ अडखळते. संस्थाही आता अर्जदार झाली. लॉगफ्रेमचे, म्हणजे प्रकल्पाची उद्दिष्टं आणि निकष मांडणाऱ्या तक्त्याचे रकाने, तिमाही अहवाल, लाभार्थ्यांचे आकडे. एकेकाळी झोपडीत जाणारी चौकशी संस्थेच्या टेबलावर आली. प्रकल्पाच्या तीन वर्षांत काय बदललं ते रकान्यात बसतं. मजुरीचा दर का वाढत नाही, याला रकाना नसतो.

देणाऱ्याला मिळणारी करसवलत हा टीकेचा सध्याचा धागा. सवलत म्हणजे सरकारने सोडलेला महसूल, म्हणजे त्या दानात सगळ्यांचाच पैसा. तो कुठे जावा हे मात्र एकटा देणारा ठरवतो. अमेरिकेत १९६९ च्या कायद्याने खासगी प्रतिष्ठानांवर दरवर्षी किमान खर्चाचं बंधन घातलं. आज ते मालमत्तेच्या ५ टक्के आहे. अलीकडे लोकप्रिय झालेल्या 'डोनर अ‍ॅडव्हाइज्ड फंड' खात्यांत (दानाचे पैसे एका संस्थेकडे ठेवायचे, ते कुणाला द्यायचे ते देणारा सुचवतो) मात्र पैसे टाकताच सवलत मिळते, आणि ते गरजूपर्यंत कधी पोचवायचे याची प्रत्येक खात्याला बांधणारी मुदत त्या कायद्यात नाही.