रक्ताच्या चाचणीचा निर्णय कसा झाला? माहिती अधिकारात नस्ती (सरकारी फाइल) कशी मागायची

भाच्याला थॅलेसेमिया आहे. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवायचं. पिशवी आली की ताई आधी लेबल वाचते: गट, मुदत, मग चाचण्यांचे शेरे. एचआयव्ही, हेपॅटायटिस बी, हेपॅटायटिस सी, सिफिलिस, मलेरिया. या पाच देशभर सक्तीच्या. एखाद्या पिशवीवर 'नॅट'चं जास्तीचं लेबल असतं, एखादीवर नसतं. साध्या एलायझा चाचणीला हेपॅटायटिस सी चा ताजा संसर्ग दोन महिन्यांच्या आसपास दिसत नाही. नॅट थेट विषाणूचा अंश शोधते, त्यामुळे तो काळ बराच आखडतो. मग सगळ्यांचीच का करत नाहीत, हा ताईचा प्रश्न. तो घेऊन मी माहिती अधिकाराचा अर्ज केला आणि तो फुकट घालवला.

मी लिहिलं होतं, 'नॅट चाचणी सक्तीची का केली नाही?' उत्तर एका ओळीत आलं: 'प्रश्नार्थक माहिती देय नाही.' चिडलो, पण त्यांचं कायद्यात बसत होतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्येच म्हटलंय की 'का' याचं उत्तर म्हणजे माहिती नव्हे. कार्यालयात जे कागदावर आहे तेवढंच मिळतं. गंमत अशी की 'का' हे कागदावर असतंच. नस्तीच्या टिपणी बाजूला कक्ष अधिकाऱ्यापासून सचिवांपर्यंत प्रत्येकाने काय लिहिलं, कुणी 'निधी उपलब्ध नाही' म्हटलं, कुणी 'तज्ज्ञांचे मत घ्यावे' म्हणून पुढे ढकललं, सगळं तारखेसकट. अभिप्राय, सल्ला, परिपत्रकं ही कलम २(च) च्या व्याख्येत स्पष्ट येतात, आणि टिपणीही द्यावी लागते.

टिपणीला एवढं महत्त्व का, हे ब्रिटनकडे बघून कळतं. हेपॅटायटिस सी चा विषाणू १९८९ मध्ये ओळखला गेला. जपानने त्याच वर्षी दात्यांची तपासणी सुरू केली, अमेरिकेने १९९० मध्ये. ब्रिटनमध्ये ती सुरू झाली १ सप्टेंबर १९९१ ला. मधल्या काळात सल्लागार समितीच्या बैठका, चाचणीसंचांची तुलना, पैशांची तरतूद आणि सगळ्या देशात एकाच दिवशी सुरुवात करायचा आग्रह. न्यूकॅसलच्या केंद्राने वाट न बघता आधीच तपासणी सुरू केली, तर सहकाऱ्यांचीच बोलणी खाल्ली. हे आज कळतं कारण इतिवृत्तं आणि पत्रं दूषित रक्ताच्या चौकशीपुढे आली. चौकशीचे प्रमुख सर ब्रायन लँगस्टाफ यांचा अहवाल मे २०२४ मध्ये आला, म्हणजे तीस वर्षांहून उशिरा. आपल्याकडे तेच कागद दहा रुपयांत मागता येतात.

तर दुसऱ्या वेळी अर्ज असा लिहिला:

'दात्यांच्या रक्ताची नॅट चाचणी करण्याबाबत आपल्या कार्यालयात असलेल्या नस्तीतील टिपणी व पत्रव्यवहार भागाच्या प्रती, या विषयावरील बैठकांची इतिवृत्ते, खर्चाचा अंदाज व तज्ज्ञांचे अभिप्राय, नस्तीची सद्यःस्थिती. कालावधी: जानेवारी २०१५ ते आजपर्यंत.'

एवढंच. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर असावा लागतो. नॅटसोबत रक्ताच्या दरांचं विचारायचं असेल तर वेगळा अर्ज करा. केंद्राकडे ५०० शब्दांची मुभा आहे.

अर्ज कुठे करायचा, यात खरी चूक होते. कोणत्या चाचण्या सक्तीच्या, हे औषध नियमांत ठरतं आणि ते नियम केंद्राचे. कायद्याच्या लेखी रक्त हे औषधच. त्यामुळे सक्तीचा निर्णय शोधायचा तर केंद्रीय आरोग्य मंत्रालय आणि केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना. राज्याने स्वतःहून काय केलं, हे राज्य रक्त संक्रमण परिषद आणि सार्वजनिक आरोग्य विभागाकडे. मुंबईच्या केईएम, सायन, नायर रुग्णालयांत काय होतं, ते महापालिकेकडे. ट्रस्टच्या किंवा खासगी रक्तकेंद्राला थेट अर्ज बहुधा चालत नाही. पण परवाना आणि तपासणी अहवाल अन्न व औषध प्रशासनाकडे असतात, त्यांचं कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात. चुकीच्या दारात गेलात तर पाच दिवसांत अर्ज योग्य कार्यालयाकडे वर्ग करणं त्यांचं काम आहे. अपवाद पोर्टलचा: केंद्राच्या पोर्टलवर राज्याचा अर्ज टाकला तर तो परत येतो आणि पैसे जातात.

पात्रता म्हणाल तर भारताचा नागरिक, बास. रुग्ण असायला नको, नातेवाईक असायला नको, माहिती कशाला हवी तेही सांगायचं नाही. संस्थेच्या लेटरहेडवर मात्र करू नका, स्वतःच्या नावाने करा. कागदपत्रं: जोडपत्र 'अ' मधला अर्ज, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आणि दारिद्र्यरेषेखाली असाल तर त्याचा दाखला, म्हणजे फी माफ. केंद्राला कोर्ट फी स्टॅम्प चालत नाही, पोस्टल ऑर्डर लावा किंवा ऑनलाइन भरा. प्रतींचे पानाला २ रुपये, पण तीस दिवस उलटल्यावर देत असतील तर फुकट. आवक विभागात दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. उत्तराचे तीस दिवस त्या शिक्क्यापासून मोजायचे.

'प्रकरण विचाराधीन आहे' हे उत्तर फार येतं. कायद्यात तसा सरसकट अपवाद नाही. मंत्रिमंडळाच्या कागदांना संरक्षण आहे, तेही निर्णय होऊन प्रकरण संपेपर्यंत. दाते किंवा रुग्णांची नावं मात्र मागू नका, ती मिळणार नाहीत आणि मिळूही नयेत. 'जुनी नस्ती नष्ट झाली' असं म्हणाले तर निंदणीकरणाच्या, म्हणजे जुने कागद नष्ट केल्याच्या, नोंदवहीची प्रत मागा. आपल्याकडे हेपॅटायटिस सी ची तपासणी सक्तीची झाली ती या शतकाच्या सुरुवातीला. ते कागद आता वीस वर्षांपेक्षा जुने आहेत, आणि कलम ८(३) मुळे एवढ्या जुन्या माहितीला नकार द्यायची कारणं मोजकीच उरतात.

तीस दिवसांत उत्तर नाही किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या तीस दिवसांत त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील, जोडपत्र 'ब', २० रुपयांचा स्टॅम्प. तिथेही जमलं नाही तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोग, पुन्हा २० रुपये. आयोगात तारीख लागायला वेळ जातो, म्हणून मी पहिल्या अपिलातच नस्ती प्रत्यक्ष पाहण्याची मागणी घालतो. पहिला तास मोफत, नंतर दर पंधरा मिनिटांना ५ रुपये. टिपणीचे पान क्रमांक सलग आहेत का, ते आधी बघा. माझ्या वेळी १४ नंतर थेट १७ होतं. पुढचा अर्ज त्या दोन पानांसाठी.